धम्म पाठ करावा की घरी वसवावा?



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सायंकाळी मी पाठांतराचा वर्ग घेत असे. अलीकडे ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली त्यांतील लहानथोर मंडळी या वर्गाला येत. त्रिशरण, पंचशील, आर्य अष्टांगिक मार्ग आणि परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा सर्वांना तोंडपाठ व्हाव्यात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी मंचावर उभे राहून सर्वांनी त्या एका सुरात म्हणाव्यात, असा आमचा संकल्प होता. मी पेशाने शिक्षक आहे. मुलांकडून पाढे पाठ करून घेण्याची मला सवय आहे आणि तीच सवय मी विहारात नेली. जो चुकेल त्याला थांबवायचे, जो अचूक म्हणेल त्याला पुढे उभे करायचे.

वर्गात साठी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. दिवसभर शेतात खुरपून त्या सायंकाळी वेळेवर येत आणि सर्वांच्या आधी हात जोडून बसत. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी मी एकेकाला उभे करून प्रतिज्ञा म्हणावयास सांगितले. मावशी नवव्या प्रतिज्ञेपर्यंत ठीक आल्या. दहावीला अडखळल्या आणि तेथून एकदम सतराव्या, दारूच्या प्रतिज्ञेवर गेल्या. मुले हसली. मी म्हणालो, "मावशी, या वर्षी तुम्ही खाली बसून ऐका. पुढच्या वर्षी पाहू."

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई हे खरं. पर मी मोडत बी न्हाई."

एवढे बोलून त्या मागे गेल्या आणि दाराशी, चपलांच्या रांगेजवळ बसल्या.

त्या वेळी मला काहीच वाटले नाही. रात्री जेवताना मात्र घास घशात अडकला. नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आहे. दहावी ती समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची आहे. मावशी दहावी प्रतिज्ञा म्हणताना अडखळल्या होत्या. मी ती पाळताना अडखळलो होतो. माझ्या तोंडी मात्र बावीसच्या बावीस प्रतिज्ञा बिनचूक होत्या.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. धम्मवचने पाठ करणे याचे धम्मात नेमके स्थान काय? पाठांतर हा धम्म आहे का? नसेल, तर ते करावेच का? आणि करावयाचे असेल, तर कसे करावे? नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराला हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे, म्हणून तो आपणांपुढे मांडतो.

पाठांतराचा प्रश्न आपल्यासाठी साधा नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पोथ्या होत्या त्यांना तो अभ्यासाच्या सोयीचा प्रश्न वाटेल. आपल्या पूर्वजांसाठी तो जिवाचा प्रश्न होता. गौतम धर्मसूत्र नावाचा एक प्राचीन ग्रंथ आहे. हा गौतम म्हणजे ब्राह्मणी परंपरेतील सूत्रकार. भगवान बुद्धांशी त्याचा काही संबंध नाही. त्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात शूद्रासाठी तीन शिक्षा सांगितल्या आहेत. त्याने वेद कान देऊन ऐकला तर कानात वितळलेला धातू आणि लाख ओतावी. उच्चारला तर जीभ छाटावी. आणि लक्षात ठेवला तर त्याचे शरीर चिरावे.

या तीन शिक्षांचा चढता क्रम पाहा. ऐकणाऱ्याचा कान जातो, बोलणाऱ्याची जीभ जाते, परंतु लक्षात ठेवणाऱ्याचा प्राणच जातो. असे का? कारण ऐकलेले विसरले जाते आणि उच्चारलेले हवेत विरते, पण स्मरणात बसलेले ज्ञान माणसाच्या मालकीचे होते. ते कोणाला हिसकावून घेता येत नाही. ज्यांनी ही सूत्रे रचली त्यांना स्मरणशक्तीचे मोल पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी तिच्यावर सर्वांत कडक पहारा बसवला. तेव्हा आपल्या घरातील एखादी निरक्षर आई धम्माचे एक वचन जरी लक्षात ठेवते, तरी ते त्या सूत्राला दिलेले उत्तर असते.

आणि मी काय केले? त्या सूत्रकाराने लक्षात ठेवल्याबद्दल शिक्षा सांगितली. मी लक्षात न राहिल्याबद्दल शिक्षा केली. कारणे उलट आहेत, परंतु दोन्ही ठिकाणी माणूस दाराशीच बसला.

आमच्यातील काही सुशिक्षित तरुणांचे म्हणणे असे की, हे पाठांतर सोडूनच द्यावे. घोकंपट्टी हा भटजींचा धंदा. तो त्यांच्यापाशीच राहू द्यावा. आज खिशातल्या मोबाईलमध्ये सारी वंदना आहे, सारी सुत्ते आहेत, बटण दाबले की ऐकू येतात. मग डोक्याला शीण कशाला?

या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अर्थ न कळता पुटपुटणे याने कोणाचे भले झालेले नाही. मंत्राचे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत आहे, तो समजला नाही तरी फळतो, असे ज्यांना वाटते त्यांची वाट वेगळी. आपल्याला ती सोडून बाहेर यावयाचे होते. परंतु मोबाईलची गोष्ट मला पटत नाही. माणसाचा हात मुलावर किंवा बायकोवर उगारला जातो तेव्हा तो खिशातून मोबाईल काढून पहिले शील ऐकत बसत नाही. मजुरीच्या पैशांनिशी गुत्त्यासमोर उभा असलेला माणूस पुस्तक उघडत नाही. त्या क्षणी जे आत असेल तेच उपयोगी पडते. आत काहीच नसेल तर पुस्तक घरी कपाटात राहते आणि माणूस गुत्त्यात जातो.

शिवाय ज्या धम्माला आपण शरण गेलो तो धम्म आपल्यापर्यंत आला तोच मुळी स्मरणाच्या खांद्यावर बसून. भगवंतांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. महाकस्सपांनी प्रश्न विचारले, उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला, असे परंपरा सांगते. पुढे कित्येक शतके भाणक म्हणून ओळखले जाणारे भिक्खू आपापल्या वाट्याचा भाग मुखोद्गत ठेवीत आणि एकत्र बसून म्हणत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, आलोक विहारात ते सारे ताडपत्रांवर उतरले. तोवर धम्माला माणसांच्या आठवणीखेरीज दुसरे घर नव्हते. ब्रह्मदेशात तर ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत जिवंत दिसते. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात सहावी संगीती झाली. तीत धम्मविषयक प्रश्नांची उत्तरे मिंगुन सयाडो यांनी दिली. त्यांना संपूर्ण तिपिटक तोंडपाठ होते आणि त्याची कठोर परीक्षा ते १९५३ साली उत्तीर्ण झाले होते.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस आठवा. त्या मैदानावर लाखो माणसे उभी होती. त्यांतील किती जणांना वाचता येत होते? बाबासाहेब प्रतिज्ञा सांगत होते आणि लोक त्या मागोमाग म्हणत होते. घरी नेण्यासाठी त्यांच्यापाशी कान होते आणि आठवण होती. त्या आठवणीवर त्यांनी घरे बदलली.

तेव्हा लक्षात ठेवणे टाकून देता येत नाही. मात्र लक्षात ठेवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होता कामा नये. आपल्या भाषेतील 'स्मृती' हा शब्दच पाहा. एक स्मृती ग्रंथाच्या नावात आहे. मनुस्मृती हे नाव आपण जाणतो. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तिचे दहन झाले. जुने जसे चालत आले तसेच धरून ठेवा, असे ती स्मृती सांगते. दुसरी स्मृती अष्टांगिक मार्गातील सातवे अंग आहे. पालीत तिला 'सति' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ आठवण हाच. भगवंतांच्या शिकवणीत त्याला जागेपणाचा अर्थ आला: आपण आता काय करीत आहोत, काय बोलत आहोत, मनात काय उठत आहे याचे भान. आठवण आणि भान हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, यातच माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. जी आठवण भान देते ती सम्यक स्मृती. जी आठवण भान देत नाही ती केवळ पोपटाची विद्या.

आता कसे लक्षात ठेवावे याकडे वळतो. याबाबत परदेशातील एक जुनी युक्ती मला वाचावयास मिळाली. ती उपयोगी आहे, म्हणून सांगतो.

प्राचीन ग्रीसमध्ये सिमोनिडीस नावाचा कवी होऊन गेला. त्याच्याविषयीची एक गोष्ट रोमन वक्ता सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ५५ मधील आपल्या ग्रंथात दिली आहे. एका श्रीमंताच्या घरी मेजवानी चालली होती. सिमोनिडीसला कोणी तरी बाहेर बोलावले म्हणून तो उठून गेला आणि इतक्यात घराचे छप्पर कोसळले. आतली माणसे अशी चिरडली गेली की नातेवाइकांना प्रेते ओळखता येईनात. तेव्हा सिमोनिडीसने कोण कोठे बसला होता ते आठवले आणि जागेवरून एकेकाची ओळख पटवून दिली. त्यावरून त्याला उमगले की, मनाला नुसते शब्द धरून ठेवणे अवघड जाते, परंतु जागा त्याच्या ध्यानात सहज राहते. म्हणून जे लक्षात ठेवायचे त्याचे चित्र करावे आणि ते ओळखीच्या जागी ठेवावे. मग मनाने त्या घरातून फेरी मारली की एकेक गोष्ट क्रमाने भेटत जाते.

रोमन वक्त्यांनी या युक्तीचे शास्त्र केले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील, लेखक अज्ञात असलेल्या एका लॅटिन ग्रंथात तिचे नियम दिले आहेत. जागा एकमेकींसारख्या नसाव्यात. फार अंधाऱ्या किंवा फार लखलखीत नसाव्यात. दोन जागांत सुमारे तीस फुटांचे अंतर असावे. दर पाचव्या जागेला खूण करावी. पाचव्या जागी सोन्याचा हात ठेवावा, म्हणजे पाच बोटांवरून पाच हा आकडा आठवेल. ठेवावयाचे चित्र साधे नसावे, मनाला धक्का देणारे असावे, कारण रोजचे आपण विसरतो आणि विलक्षण ते विसरत नाही. पुढे १५९६ साली मातेओ रिची या इटालियन ख्रिस्ती धर्मोपदेशकाने चीनमध्ये राहून चिनी भाषेत या युक्तीवर पुस्तक लिहिले. या युक्तीला स्मृतीचा महाल असे म्हणतात. ही केवळ दंतकथा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सामान्य माणसांकडून सहा आठवडे, रोज अर्धा तास हा सराव करून घेतला. ७२ शब्दांच्या यादीतील जेमतेम तीस शब्द आठवणारी माणसे त्यानंतर साठाच्या आसपास शब्द आठवू लागली.

महाल हा शब्द वाचून मला हसू आले. आपल्याकडे महाल कोठून असणार? आपल्यापैकी पुष्कळांचे घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. तीस फुटांचे अंतर ठेवायचे म्हटले तर दुसरी जागा शेजाऱ्याच्या घरात जाईल! परंतु विचार केल्यावर कळले की महालाची गरज नाही. ज्या घराचा कोपरा न् कोपरा आपल्याला अंधारातही सापडतो तेच घर या कामाला उत्तम.

आपण अष्टांगिक मार्गापुरता प्रयोग करून पाहू. डोळे मिटा आणि आपल्या घराच्या दारात उभे राहा.

पहिली जागा उंबरठा. तेथे आजीचा चश्मा ठेवा, तोही परातीएवढ्या मोठ्या काचांचा. ती सम्यक दृष्टी. दुसरी जागा कपड्यांची खुंटी. तिच्यावर सदऱ्याऐवजी वळलेली मूठ टांगलेली पाहा. तो सम्यक संकल्प. तिसरी जागा चूल किंवा शेगडी. तिच्यावर भाकरीऐवजी जीभ भाजत आहे असे पाहा. ती सम्यक वाचा. घरातले कडू शब्द बहुधा चुलीपाशीच निघतात, हेही ध्यानात घ्या. चौथी जागा पाण्याचा माठ. माठातून दोन हात वर आले आहेत आणि ते स्वच्छ आहेत. तो सम्यक कर्मांत. पाचवी जागा पत्र्याची पेटी. तिच्यावर सोन्याचा हात ठेवा, म्हणजे पाचवे अंग आले हे कळेल. पेटीतला पैसा कसा आला ते विचारणारी ती सम्यक आजीविका. सहावी जागा कोपऱ्यातले जाते. ते आपोआप फिरत नाही, रोज जोर लावावा लागतो. तो सम्यक व्यायाम. सातवी जागा भिंतीवरचा आरसा. तो तुमच्याकडे पाहतो आणि विचारतो, जागा आहेस का? ती सम्यक स्मृती. आठवी जागा अंथरूण. त्यावर एक पेटलेली वात आहे आणि वारा असूनही ती हलत नाही. ती सम्यक समाधी.

अशी फेरी सकाळी एकदा आणि रात्री एकदा मारा. आठवड्याभरात आठही अंगे क्रमाने, उलट क्रमाने, मधूनच कोठूनही सांगता येतील. बावीस प्रतिज्ञांना घर पुरणार नाही. त्यांच्यासाठी घराच्या दारापासून विहारापर्यंतची वाट घ्या. बोळाचे तोंड, हातपंप, पिठाची गिरणी, शाळेचे फाटक, चावडी, एस.टी.चा थांबा अशा बावीस जागा नेमा आणि प्रत्येक पाचव्या जागेला खूण करा.

या युक्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोमन शिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकातच आक्षेप घेतला होता की, सलग भाषण लक्षात ठेवण्यासाठी शब्दागणिक चित्र करावयाचे म्हटले तर काम दुप्पट होते. ते खरे आहे. क्रम आणि मुद्दे लक्षात ठेवण्यास जागा उपयोगी पडतात; वंदनेतील पाली शब्द जिभेवर बसण्यास मात्र चार माणसांत बसून पुन्हा पुन्हा म्हणणे हाच मार्ग. आपल्या परंपरेने तोच घेतला. त्याबरोबर तिने संख्येचाही आधार घेतला: चार आर्यसत्ये, पाच शीले, आठ अंगे, दहा पारमिता. अंगुत्तर निकाय तर एकपासून अकरापर्यंत संख्येनेच रचला आहे. संगीती या शब्दाचा अर्थ एकत्र म्हणणे. रोमन वक्ता आपल्या महालात एकटा फिरे आणि सभेत जिंकण्यासाठी पाठ करी. भाणक एकत्र म्हणत, त्यामुळे एकाचे चुकले तर दुसरा सावरून घेई. अडखळणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी संगीती नसते, त्याला सावरण्यासाठी असते. हे मला आधी कळले असते तर मावशी चपलांपाशी बसल्या नसत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. युक्तीने म्हणा, घोकून म्हणा, सारे पाठ झाले असे धरू. मग काय झाले?

विनयाच्या अट्ठकथेत श्रीलंकेतील एक प्रसंग आहे. तेथे भयंकर दुष्काळ पडला आणि पुष्कळ भिक्खू मेले. महानिद्देस हा ग्रंथ ज्याला पाठ आहे असा एकच भिक्खू उरला. आणि त्याचे शील चांगले नव्हते! तरीही ग्रंथ नाहीसा होऊ नये म्हणून एका शीलवान थेरांना मन घट्ट करून त्याच्याजवळ जाऊन तो शिकावा लागला. हा प्रसंग जुन्या भिक्खूंनी लपवला नाही, लिहून ठेवला, याचे मला फार मोल वाटते. धम्माचे शब्द माणसाच्या तोंडात राहूनही धम्म त्याच्यापासून दूर राहू शकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

याच्या उलट चूळपंथकाची कथा पाहा. त्याचा थोरला भाऊ महापंथक विद्वान भिक्खू होता. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचे शिकावे तर मागचे जाई. तेव्हा थोरल्या भावाने त्याला सांगितले, "तुझ्याने हे होणार नाही, तू विहार सोडून जा." तो रडत निघाला. वाटेत भगवंत भेटले. त्यांनी त्याला परत आणले, त्याच्या हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि मळ निघून जावो अशा अर्थाचा एकच शब्द म्हणत ते हाताने चोळत बसावयास सांगितले. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ वस्तू कशी मळते, मनही असेच कसे मळते आणि कोणतीच अवस्था कशी टिकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो अर्हत झाला. गाथा पाठ न होणारा माणूस पुढे गेला आणि त्याला हाकलणाऱ्या विद्वान भावाची चूक कथेत कायमची नोंदली गेली. ही कथा मी पूर्वी वर्गात मुलांना सांगितली होती. कथेतला महापंथक मीच आहे हे मात्र मला त्या रविवारनंतर कळले.

आणखी एक गोष्ट विसरू नये. पाठांतर करणारे चुकू शकतात, हे बाबासाहेबांनी आपल्याला स्पष्ट सांगून ठेवले आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी भगवंतांच्या वचनांचा विपर्यास कसा होत असे याची सुत्तांतील पाच उदाहरणे दिली आहेत. भाणकांवर पाठांतराचा भार फार मोठा होता आणि त्यात विपर्यास होणे शक्य होते, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून कोणतेही वचन बुद्धवचन म्हणून मानण्याआधी ते बुद्धीला धरून आहे का, माणसाच्या कल्याणाचे आहे का, हे तपासण्याची कसोटी त्यांनी दिली. कालामांनाही भगवंतांनी हेच सांगितले होते की, परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू म्हणतात एवढ्यावरून मानू नका. तेव्हा पाठ केलेले वचन तपासण्याचे काम पाठ झाल्यावर संपत नाही. तेथून ते सुरू होते.

येथेच त्या ग्रीक युक्तीचा खरा उपयोग मला दिसला. तो त्या लोकांनी सांगितलेल्या उपयोगाहून वेगळा आहे. त्यांच्यासाठी घर म्हणजे शब्द ठेवण्याची फडताळे होती. भाषण झाले की फडताळ रिकामे करून दुसरे सामान भरायचे. आपण मात्र त्याच घरात राहतो. पत्र्याच्या पेटीवर सम्यक आजीविका ठेवली, की उद्या खरोखर ती पेटी उघडताना तिची आठवण होणारच. आणि पेटीत मुलाच्या लग्नात घेतलेल्या हुंड्याचे पैसे असतील तर हात थबकेल. चुलीपाशी सम्यक वाचा ठेवली, की सुनेला टोचून बोलताना ती आडवी येईल. मनात ठेवलेली वस्तू प्रत्यक्षात भेटते. आठवण भानात उतरते. सति या शब्दातले दोन अर्थ अशा रीतीने घरातच एक होतात.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. पुढच्या रविवारी मी मावशींच्या घरी गेलो आणि सर्वांदेखत जे बोललो होतो त्याची सर्वांदेखत क्षमा मागेन असे त्यांना सांगितले. मग त्यांना ही युक्ती समजावली आणि म्हणालो, "मावशी, तुमच्या घरातली पहिली जागा तुम्हीच दाखवा."

त्यांनी भिंतीतला एक कोनाडा दाखवला. तो रिकामा होता. त्याच्या कडेला जुन्या शेंदराचा डाग अजून होता. "इथं देव व्हते," त्या म्हणाल्या. "टाक व्हते सासूच्या सासूपासनं. दीक्षा घेतली त्या रात्री लई भ्या वाटलं. पोराला ताप आला तवा समदे म्हनले, देव कोपला, परत मांड. म्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिशी टाक नदीत सोडले, माझ्या हातानं."

मी त्या कोनाड्यासमोर उभा राहिलो. देवदेवतांची उपासना सोडण्याच्या पहिल्या तीन प्रतिज्ञा मी दहा वर्षे तोंडाने म्हणत आलो आहे. माझ्या हातून त्यांची अशी परीक्षा कधी झालेली नाही. माझे वडील जन्मापासून बौद्ध. मला कोनाडा आयताच रिकामा मिळाला. मावशींनी तो रिकामा केला, तापाने फणफणलेले पोर मांडीवर असताना. त्यांना कोणते चित्र सुचवावे ते मला कळेना. रिकामा कोनाडा हेच त्यांचे चित्र होते.

"पहिल्या तिन्ही इथंच ठेवा," मी म्हणालो.

"त्या इथंच हायेत," मावशी म्हणाल्या.

दहावी प्रतिज्ञा कोठे ठेवावी हा प्रश्न उरला होता. मावशींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ती इहाराच्या दारात ठिवू. चपला काढतो तिथं."

धम्मबंधूंनो, त्यांच्या मनात मला टोमणा मारावयाचा होता असे मला वाटत नाही. तेवढा कडवटपणा त्यांच्यात नाही. तरीही त्या दिवसापासून विहारात शिरताना चपला काढायला वाकलो की दहावी प्रतिज्ञा मला आठवते. आधी ती मला पाठ होती. आता ती मला अडवते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी मंचावर आम्ही सर्व जण एकत्र उभे राहिलो. आधी मी मावशींची क्षमा मागितली, मग प्रतिज्ञा सुरू झाल्या. मावशी माझ्या शेजारी होत्या. तेराव्याला त्या थांबल्या तेव्हा बाजूच्या मुलीने शब्द दिला आणि त्यांनी तो उचलला. एकोणिसाव्याला मी स्वतः क्षणभर गोंधळलो, तेव्हा बाकीच्यांच्या आवाजाने मला सावरले. कोणी हसले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. मुलांना धम्मवचने जरूर पाठ करावयास लावा. परंतु आधी मराठीत अर्थ सांगा, मग शब्द सांगा. घरातील जागा नेमताना मुलांना सोबत घ्या. कोणते शील कोठे ठेवायचे हे त्यांना ठरवू द्या, आणि ते शील त्या जागी का हवे असे विचारा. घरातील म्हाताऱ्या माणसांना एकच वचन येत असेल तर ते एकच वचन त्यांच्याकडून ऐका आणि ते त्यांनी कसे पाळले ते विचारा. ज्याला सारे येते त्याला पुढे उभे करण्याआधी त्याच्या घराची एक फेरी मनाने मारा. आणि सर्वांत आधी स्वतःच्या घराची मारा. उंबरठ्यापासून अंथरुणापर्यंत, एकेका जागी थांबून.

जयभीम. नमो बुद्धाय.